भाड्याच्या खोलीचं पावित्र्य

किंग हेन्रीज रोड हा उत्तर लंडनमधल्या प्रिमरोझ हिल भागातला एक साधा रस्ता. व्हिक्टोरिया राणीच्या काळात एकाला एक चिकटवून बांधलेल्या घरांची रांग, दोन शेजाऱ्यांत मिळून एक भिंत, एका रेषेत आलेल्या खिडक्या. त्यातल्या दहा नंबरच्या घरात 1921-22 च्या सुमाराला बाबासाहेब आंबेडकर भाड्यानं राहत होते. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते घर तीस लाख पाउंडांहून जास्त किंमत मोजून विकत घेतलं आणि त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तिथल्या स्मारकाचं उद्घाटन झालं. तिथं जाणाऱ्या मराठी माणसांतले काही जण इतिहास पाहायला जातात, पण पुष्कळ जण सरळ दर्शनाला जातात. मग प्रश्न असा की आठ आणि बारा नंबरच्या घरांत नसलेलं असं दहा नंबरच्या घरात काय आहे? वीट एकाच जातीची, सुतारकाम एकाच धाटणीचं, छपराचा उतारही तोच. देवळात शिखर असतं, गाभारा असतो, आत शिरताना आपोआप आवाज खाली येईल असा अंधार असतो, म्हणजे वास्तूच आपल्याकडून अर्धं काम करून घेते. इथं वास्तू काहीच मदत करत नाही. म्हणूनच जागेचं पावित्र्य म्हणजे काय हा जुना प्रश्न देवळापेक्षा या रांगेतल्या घरापुढे जास्त स्वच्छ विचारता येतो. माझं म्हणणं असं की ते पावित्र्य विटांत नसतं आणि निव्वळ भाविकाच्या मनातही नसतं. ते एका खऱ्या घडलेल्या वापराशी असलेलं नातं असतं, आणि म्हणूनच पुढच्या वापरानं ते टिकतं किंवा विटतं.

आधी ही वस्ती कशी उभी राहिली ते पाहायला हवं, कारण तिच्या जन्मातच या प्रश्नाचा अर्धा गुंता आहे. ही जमीन ईटन कॉलेजची. राजा सहावा हेन्री यानं 1440 मध्ये ईटनची स्थापना केली आणि पुढच्या काही वर्षांत चॉकॉट्स नावाची ही शेतजमीन कॉलेजकडे आली. शतकानुशतकं तिथं गुरं चरली. 1830 च्या दशकात लंडन-बर्मिंगहॅम रेल्वे आली, प्रिमरोझ हिलच्या पोटातून बोगदा गेला, आणि बोगद्याचं तोंड देखणं असलंच पाहिजे असा आग्रह ईटननं धरला. पुढे आपल्या जमिनीवर प्रतिष्ठित बिऱ्हाडं यावीत हा त्यामागचा हिशेब. मग प्लॉट पडले. सॅम्युएल क्युमिंग नावाच्या बांधकाम कंत्राटदारानं इथला बराच भाग उभारला. मूळचा तो सुतार. रस्त्यांची नावं ईटनच्या घरातलीच निघाली: ईटन रोड, प्रोव्होस्ट रोड, फेलोज रोड, ऑपिडन्स रोड, आणि संस्थापक राजाच्या नावाचा किंग हेन्रीज रोड. जमीन मात्र कुणालाच विकली गेली नाही. बांधणाऱ्याला 99 वर्षांचा पट्टा, त्याच्याकडून घर घेणाऱ्याला उरलेल्या वर्षांचा हक्क, आणि मुदत संपली की विटा, दारं, खिडक्या यांसकट सगळं पुन्हा ईटनच्या पदरात. वीट तरी काय, लंडनच्या चिकणमातीत घराघरांतल्या चुलींची राख मिसळून भाजलेली पिवळट ‘स्टॉक’ वीट. धुरानं ती काळवंडायची, म्हणून दर्शनी भागाला दगडाचा आव आणणारा गिलावा. अशा घरांपुढच्या फुटपाथवर जेवणाच्या ताटाएवढं लोखंडी गोल झाकण असे. कोळसेवाला ते उचलून पोतं खाली रिकामं करायचा आणि कोळसा थेट रस्त्याखालच्या तळघरात पडायचा, म्हणजे घरात काळं पाऊल उमटायला नको. वरून दगडी रुबाब, आत राखेची वीट, आणि सगळ्याला मुदतीचा कागद.

आता गंमत अशी की हीच मुदतीची, भाड्याची घरं व्हिक्टोरियन माणसाच्या लेखी पवित्र होती. देवासाठी त्यांनी वेगळी जागा ठेवलीच होती. घरं विकली जायची तर चर्च हवं हे बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. चॉकॉट्सच्या वस्तीसाठी 1850 च्या दशकात सेंट सेव्हियर्स चर्च झालं, 1870 च्या दशकात एल्सवर्दी रोडवर लाल विटांचं सेंट मेरीज झालं. या सेंट मेरीजमध्ये 1901 पासून 1915 पर्यंत पर्सी डिअर्मर हे धर्मगुरू होते. उपासनेतला प्रत्येक पडदा, प्रत्येक मेणबत्ती यांचा विचार करणारा आणि इंग्लिश हिम्नल या 1906 च्या भजनसंग्रहाच्या संपादनात मोठा वाटा असलेला हा माणूस. तरीही त्या काळच्या प्रवचनांतून, कादंबऱ्यांतून आणि जॉन रस्किनच्या 1865 मधल्या ‘सेसमी अँड लिलीज’ या व्याख्यानसंग्रहातून पुन्हा पुन्हा पुढे येतं ते घराचंच पावित्र्य. बाहेर बाजार, स्पर्धा, फसवणूक. आत शांतता, स्त्रीची सत्ता, शेकोटी. रस्किननं तर घराला सरळ मंदिराच्या पंक्तीला बसवलं. या मंदिराचा हिशेब मात्र कुणी फारसा मांडत नसे. पहिल्या महायुद्धापूर्वी इंग्लंडमधली बहुसंख्य कुटुंबं भाड्याच्या घरात राहत होती. वस्तीची प्रतिष्ठा उतरली की भाडं आणि नोकरांचा पगार झेपेना, मग वरच्या मजल्यावरच्या खोल्या विद्यार्थ्यांना, कारकुनांना, विधुरांना दिल्या जात. मंदिरात पोटभाडेकरू आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनला शिकायला गेलेल्या बहुतेक हिंदी विद्यार्थ्यांनी व्हिक्टोरियन घर पाहिलं ते असं, जिन्यावरून वर जाताना, घरमालकिणीच्या नजरेखाली. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात बाबासाहेबांच्या लंडनमधल्या दिवसांचं चित्र आहे: कडक घरमालकीण, नावापुरती न्याहारी, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय, आणि रात्री जागताना भुकेला आधार म्हणून पापड. ज्या कल्पनेनं त्या घराला पवित्र म्हटलं तिच्यात या भाडेकरूला जागा नव्हती. आज त्याच घराला आपण पवित्र म्हणतो ते फक्त त्या भाडेकरूमुळे.

पहिला आक्षेप उघड आहे. घरं सारखी असतील तर फरक फक्त पाहणाऱ्याच्या डोक्यात आहे. तुम्ही दहा नंबर म्हटलं म्हणून हात जोडले. डोळे बांधून बाराव्या घरात नेलं असतं तर तिथंही जोडले असते. या आक्षेपाला बौद्ध परंपरेत एक फार जुनं आणि फार नेमकं उत्तर सापडतं. कालिंगबोधि जातकाच्या प्रास्ताविक कथेत प्रसंग असा आहे की बुद्ध श्रावस्तीहून दौऱ्यावर गेले की जेतवनात आलेले लोक फुलं कुठं वाहायची ते न कळून गंधकुटीच्या, म्हणजे बुद्धांच्या निवासाच्या, दारात ठेवून जात. उपासक अनाथपिंडिकानं हे बुद्धांचा शिष्य आनंद याच्या कानावर घातलं आणि आनंदानं बुद्धांना विचारलं, वंदनीय स्थानं किती प्रकारची? उत्तर मिळालं, तीन. एक शारीरिक, म्हणजे अस्थींचं. पण ते परिनिर्वाणानंतरच शक्य. दुसरं उद्देशिक, म्हणजे मूर्तीसारखं, आठवणीपुरतं केलेलं. त्याला वस्तूचा आधार नाही, ते केवळ मनावर उभं आहे. तिसरं पारिभोगिक, म्हणजे बुद्धांनी प्रत्यक्ष वापरलेलं, जसा बोधिवृक्ष. ते बुद्ध हयात असोत वा नसोत, चालतं. मग बोधिवृक्षाचं बी आणून जेतवनाच्या दाराशी लावलं गेलं. ही विभागणी आपल्याकडे आजही जशीच्या तशी लागू पडते. दादरची चैत्यभूमी पहिल्या प्रकारात, गावोगावचे कोट घातलेले, हातात संविधान धरलेले पुतळे दुसऱ्या प्रकारात, आणि किंग हेन्रीज रोडचं घर किंवा हिंदू कॉलनीतलं राजगृह तिसऱ्या प्रकारात. यात महत्त्वाचं हे की ‘सगळं मनातच असतं’ हे मत या परंपरेला माहीत होतं, तिनं ते एका प्रकाराबाबत मान्यही केलं, आणि उरलेल्या दोन प्रकारांना ते लावायला नकार दिला.

हा नकार नुसता परंपरेचा हट्ट म्हणून सोडून देता येणार नाही, कारण त्यामागे एक साधी कसोटी आहे: चूक होऊ शकते का? डोळे बांधून बाराव्या घरात नेलेल्या माणसाला खरं कळलं तर तो काय करील? तो चरफडेल आणि दहाव्या घराकडे जाईल. उद्या एखादं पत्र, एखादी मतदारयादी सापडली आणि बाबासाहेब भलत्याच रस्त्यावर राहत होते असं ठरलं, तर पाटी हलवावी लागेल आणि दर्शनाला येणारेही हलतील. जे केवळ मनात असतं त्यात चूक व्हायला जागाच नसते; मूर्ती चुकीची नसते, फार तर ओबडधोबड असते. या घराबद्दलचा आदर मात्र एका घटनेला बांधलेला आहे, आणि घटना खरी की खोटी याला भाविकाच्या तीव्रतेशी काही देणंघेणं नाही. लंडनमध्ये निळ्या पाट्यांची पद्धत 1866 पासूनची. पहिली पाटी लागली ती 1867 मध्ये, होलिस स्ट्रीटवरच्या कवी बायरनच्या जन्मघरावर, आणि 1889 मध्ये ते घरच पाडलं गेलं. पाटी गेली, भिंत गेली, पण बायरन तिथं जन्मला ही गोष्ट गेली नाही. त्या जागी उभ्या राहिलेल्या दुकानाच्या भिंतीवर पुढे पुन्हा त्याची नोंद झाली. प्रिमरोझ हिलमध्येच दुसरं उदाहरण आहे. सिल्व्हिया प्लाथ 1963 मध्ये फिट्झरॉय रोडवरच्या घरात वारली. पण 2000 मध्ये तिच्या नावाची पाटी लागली ती जवळच्या चॉकॉट स्क्वेअरमधल्या घरावर, कारण तिथं ती जास्त काळ राहिली होती आणि तिथंच तिनं लिहिलं होतं. मरणाची जागा की कामाची जागा, असा तो वाद. निकाल काहीही लागो, त्याच्या बाजूनं आणि विरुद्ध कारणं देता येत होती, एवढं पुरेसं आहे. निव्वळ आवडीनिवडीला कारणं लागत नाहीत.

याची उलट बाजू कच्छमधल्या मांडवीला पाहायला मिळते. श्यामजी कृष्ण वर्मा यांनी 1905 मध्ये हायगेटच्या क्रॉमवेल ॲव्हेन्यूवरच्या 65 नंबरच्या व्हिक्टोरियन घरात इंडिया हाऊस सुरू केलं. हिंदी विद्यार्थ्यांना धड खोली मिळत नसे, म्हणून ते मुळात वसतिगृह. विनायक दामोदर सावरकर तिथंच राहिले आणि घराचं नाव ब्रिटिश पोलिसांच्या दप्तरात कायमचं गेलं. आज हायगेटमध्ये मूळ घर उभं आहे, त्यावर सावरकरांच्या नावाची पाटी आहे आणि आत लोक राहतात. इकडे श्यामजींच्या जन्मगावी, मांडवीत, 2010 मध्ये क्रांतितीर्थ उभारलं गेलं आणि त्यात त्याच घराची हुबेहूब प्रतिकृती बांधली. कच्छच्या उन्हात लंडनच्या थंडीसाठी आखलेलं लाल विटांचं घर! रूपच पवित्र असतं तर मांडवी आणि हायगेट यांत फरक करायला काही कारण नव्हतं. उलट मांडवीचं घर जास्त झळझळीत आहे, तिथं आत जाता येतं. तरी तिथं जाणारा प्रत्येक जण जाणतो की ही प्रतिकृती आहे. 2003 मध्ये जिनिव्हाहून आणलेल्या श्यामजींच्या अस्थी मात्र प्रतिकृती नाहीत, आणि त्या कलशापुढे उभं राहणं आणि त्या घरापुढे उभं राहणं यांत लोक आपोआप भेद करतात. जातककथेतली तिन्ही स्थानं हायगेट आणि मांडवी मिळून पुरी होतात. रूप जुळलं म्हणजे नातं जुळत नाही, हे त्या रांगेतल्या घरांनीही सांगितलं होतंच. बारा नंबर ही दहा नंबरची शेजारी उभी असलेली प्रतिकृतीच आहे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. घटना खरी असेल, पण ज्या वस्तूत ती घडली ती वस्तू उरली आहे का? गिलावा किती वेळा काढून नवा केला, खिडक्यांच्या काचा, तावदानं, जमिनीच्या फळ्या, वीज, नळ, सगळं बदललं. शंभर वर्षांनंतर त्या भाडेकरूचा हात लागलेलं लाकूड किती? बोधगयेचा वृक्ष इथंही उपयोगी पडतो. 1876 मध्ये तिथला जुना पिंपळ वादळात कोसळला आणि 1881 मध्ये पुरातत्त्व खात्याचे अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी त्याच वंशाचं रोप पुन्हा लावलं. आज ज्याला वंदन होतं तो हा. कुणी म्हणेल, झाडाचं ठीक आहे, झाडाला वंश असतो. भिंतीला वंश नसतो. मला हे पटत नाही. घरालाही एक परंपरा असते, ती दुरुस्तीची. एक फळी बदलताना बाकीच्या फळ्यांनी तिला धरून ठेवलेलं असतं, एका रंगाऱ्यानंतर दुसरा रंगारी त्याच भिंतीला हात लावतो, आणि नंबर तोच राहतो म्हणून पत्र पोचतं. व्हिक्टोरियन बांधकामाला तर अमरत्वाचा दावाच नव्हता, 99 वर्षांचा कागद त्याच्या उशाशी होता. शेजारच्या ॲडलेड रोडवर काय झालं ते पाहावं. पट्टे संपले, 1960 च्या दशकात तिथली जुनी घरं पाडून उंच इमारती आल्या, ईटनच्या आसपासच्या गावांची नावं त्यांना मिळाली, आणि 2017 च्या जूनमध्ये ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर यांतल्या चार इमारती आगीच्या भीतीनं एका रात्रीत रिकाम्या कराव्या लागल्या. किंग हेन्रीज रोडवरचं घर टिकलं यात त्याच्या पावित्र्याचा काही हात नाही. नशीब आणि भूखंडाचे हिशेब आहेत. अनित्यता मानणाऱ्या धम्माच्या उपासकाला तरी याचं नवल वाटू नये. नवल वाटावं ते याचं की इतकं बदलूनही ‘हे तेच घर’ या वाक्याला अर्थ उरतो, आणि तो उरतो कारण मधली कडी तुटलेली नाही.

सगळ्यांत अवघड आक्षेप खुद्द बाबासाहेबांचाच आहे. 25 नोव्हेंबर 1949 च्या घटना समितीतल्या भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल जो इशारा दिला तो सर्वांना माहीत आहे. ज्यानं विभूतिपूजा झिडकारली त्याच्या भाड्याच्या खोलीचं तीर्थ करणं म्हणजे त्याचाच पराभव नाही का? आणि याच प्रिमरोझ हिलमध्ये, रीजंट्स पार्क रोडवर 122 नंबरच्या घरात दोन दशकांहून जास्त काळ राहिलेला फ्रीडरिश एंगल्स पाहा. 1872 मध्ये घरांच्या प्रश्नावर त्यानं लिहिलं ते याच घरात राहताना. मृत्यूनंतर त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख ईस्टबोर्नजवळ समुद्रात सोडण्यात आली. कबर नको, तीर्थ नको. एंगल्सचा हा मार्ग जास्त सुसंगत नाही का? मला वाटतं, नाही. 1943 मध्ये पुण्यात रानड्यांच्या जयंतीला दिलेल्या व्याख्यानात बाबासाहेबांनी विभूतिपूजेचे दोन अर्थ वेगळे केले आहेत. एक, थोरपणाबद्दलचा आदर. दुसरा, आपली बुद्धी त्या थोराच्या पायाशी ठेवून त्याची आज्ञा पाळणं. पहिल्याला त्यांची हरकत नव्हती, दुसऱ्याला होती. लक्षात घ्या, ते हे बोलत होते एका जयंतीच्या सभेत. म्हणजे आदर व्यक्त करण्याच्या जागीच आदराच्या मर्यादा सांगत होते. ही मर्यादा जागांनाही लावता येते. ज्या जागेपुढे गेल्यावर विचार थांबतो ती भक्तीची जागा. ज्या जागेपुढे गेल्यावर तिथं काय घडलं हे नीट विचारावं लागतं ती आदराची. ‘चूक होऊ शकते का?’ ही वर सांगितलेली कसोटी म्हणूनच कामाची आहे. पारिभोगिक स्थान पुराव्याला उत्तरदायी असतं, आणि पुराव्याला उत्तरदायी असलेली श्रद्धा बुद्धी गहाण टाकू शकत नाही. राहिला एंगल्स. राख समुद्रात गेली तरी 122 नंबरवर पाटी लागलीच, आणि लोक ती पाहायला जातातच. माणसं आपल्या ऋणाला पत्ता मागतात. त्यांना पत्ता नाकारण्यात मला फारशी प्रगती दिसत नाही.

आता कॅम्डनचा वाद. घर विकत घेतल्यावर ते संग्रहालय म्हणून वापरायला स्थानिक कॅम्डन कौन्सिलची परवानगी हवी होती, आणि कौन्सिलनं ती नाकारली: राहण्याची जागा कमी होते, म्हणून. काही शेजाऱ्यांनी गर्दी आणि आवाजाची तक्रार केली. 2019 मध्ये सार्वजनिक सुनावणी झाली, आणि मार्च 2020 मध्ये मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी परवानगी दिली. आपल्याकडे हा वाद बहुधा अपमान आणि विजय या दोन शब्दांत सांगितला गेला. पण कौन्सिलचं म्हणणं नीट ऐकलं तर त्यातही एक पावित्र्याचा दावा आहे. लंडनमध्ये घरांची टंचाई आहे, म्हणून राहतं घर ही कुणालाही पैशाच्या जोरावर दुसऱ्या कामाला लावता न येणारी गोष्ट समजावी, असा तो दावा. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेब म्हणतात की नुसती नीती पुरेशी नाही, ती पवित्र आणि सार्वत्रिक हवी. आणि एखादी गोष्ट पवित्र का ठरते याचा शोध घेताना ते दैवी आज्ञेकडे न जाता समाजाच्या गरजेकडे वळतात. बलवानांच्या हातून दुबळ्यांचं नुकसान होऊ नये म्हणून काही गोष्टी कुणाच्याही मर्जीपलीकडे ठेवाव्या लागतात, त्या पवित्र. या व्याख्येनं कॅम्डनचा नियमही त्याच गोत्रातला ठरतो. शेजाऱ्यांच्या कुरबुरीत कदाचित वेगळाच वास असेल, तो इथं मोजत बसण्याची गरज नाही. पण ज्या नगरात विद्यार्थ्याला खोली मिळणं मुश्कील आहे तिथं राहतं घर वाचवणं हे त्या जुन्या भाडेकरूच्या बाजूनं बोलणं नव्हतं का?

म्हणून मी निकालाच्या बाजूनं असलो तरी त्यावर समाधानी नाही. पारिभोगिक स्थानाचं सगळं वजन वापरावर आहे, आणि या घराचा वापर काय होता? अभ्यास. पैशानं तंग असलेल्या, परक्या देशातल्या एका माणसाचा अभ्यास. पहिल्या खेपेला बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यामुळे 1917 मध्ये त्यांना लंडन अर्धवट सोडावं लागलं होतं. 1920 मध्ये ते परतले ते सिडनहॅम कॉलेजच्या नोकरीतली शिल्लक, मित्र नवल भथेना यांचं कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत यांच्या बळावर. त्यातून 1921 मध्ये एम.एस्सी. झालं, 1922 मध्ये बॅरिस्टर झाले, 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ छापला गेला. आज राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं महाराष्ट्र सरकार अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देतं, आणि ती घेऊन लंडनला पोचलेल्या मुलाला पहिला महिना खोली शोधण्यात घालवावा लागतो. वरच्या मजल्यावर अशा दोन-तीन मुलांची राहण्याची सोय आणि खाली स्मारक, अशी रचना केली असती तर राहती जागा कमी होते या कौन्सिलच्या आक्षेपाचा बराचसा जीव गेला असता. यावर लगेच म्हटलं जाईल की मुलं वर भात लावतील, कपडे वाळत टाकतील, रात्री उशिरा जिन्यावरून पावलं वाजतील, मग जागेचं गांभीर्य काय राहील? पण दहा नंबरच्या घरात 1921 मध्ये यापेक्षा वेगळं काही चाललं नव्हतं, आणि पाटी लागली आहे ती नेमकी त्याच दिवसांसाठी.